सुई अडते तिथून पुढे

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात, कमलनगरच्या एका मंगल कार्यालयात, नवरदेव अजून मारुतीच्या देवळापाशी मित्रांच्या गराड्यात असताना वऱ्हाडाने मंचावरच्या एकट्या नवरीवर अक्षता टाकल्या आणि सगळं वऱ्हाड जेवायला गेलं. नवरदेव नाचत नाचत दारात पोहोचला तेव्हा मंडपात नवरी, फोटोग्राफर आणि रिकाम्या खुर्च्या एवढंच शिल्लक होतं. या प्रकाराला एकच माणूस जबाबदार होता आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. युरोपातल्या कुणा विस्मृतीत गेलेल्या संगीतकाराने बिदर जिल्ह्यातलं लग्न नवरदेवाशिवाय लावल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. आणि असं काही ज्याच्या हातून होऊ शकतं, असा दुसरा माणूसही मी पाहिलेला नाही.

आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात. बाजारात ते अण्णा आहेत. त्यांचा धंदा मंडप आणि लाऊडस्पीकरचा. लग्न, बारसं, सप्ताह, जत्रा, प्रचारसभा, काहीही असो, खांबावर कर्णे बांधायला ते स्वतः शिडीवर चढतात, आणि खालून कुणी 'अण्णा, आता वय झालं' म्हणालं तर वरूनच 'कर्ण्याचं का माझं?' असं विचारतात. घरात ते कन्नड बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी आणि यंत्रांशी दखनी उर्दू, कारण त्यांची सगळी यंत्रं हैदराबादच्या जुन्या बाजारातून आलेली आहेत. ॲम्प्लिफायर तापला की त्याच्या पाठीवर ओला टॉवेल टाकून ते म्हणतात, "क्या मियाँ, इत्ते में थक गए?" माईक तपासताना 'हॅलो, हॅलो' म्हणणं त्यांना अपमानास्पद वाटतं. समोर कुणी नसताना हाक कुणाला मारायची, असा त्यांचा सवाल. त्याऐवजी ते मोठ्या, स्वच्छ आवाजात गावांची नावं घेतात: उदगीर, कमलनगर, भालकी, हुमनाबाद, गुलबर्गा. एकदा दोन बायका पिशव्या सावरत मंडपात शिरल्या आणि गाडी कुठं लागली म्हणून विचारू लागल्या. मामांनी त्यांना चहा दिला आणि गाडीत बसवून आले.

आवाजाबद्दल त्यांची मतं पक्की आहेत. आवाज माणसाच्या मापाचा असावा, असं ते म्हणतात. डीजेच्या भिंती रचून ज्यांनी धंदा वाढवला त्यांच्याविषयी ते वाईट बोलत नाहीत, फक्त त्यांची गाडी दुकानासमोरून जाऊ लागली की आतल्या कर्ण्यांवर जुनी धोतरं पांघरतात. लेकरांचे कान झाकावेत तसे. एका प्रचारसभेत उमेदवार भाषण थांबवून तीनदा म्हणाला, "अण्णा, आवाज वाढवा." तिसऱ्या वेळी मामा उठून उभे राहिले आणि माईकशिवाय, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आवाज फुल हाय सायब. आता मुद्दा वाढवा." त्या पक्षाचं काम त्यांना पुन्हा मिळालं नाही. विरोधी पक्षाचं मिळालं, पण तिथेही एकदाच.

त्यांचा सर्वांत कडक नियम शांततेबद्दलचा आहे. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंतची पोकळी ते सहन करू शकत नाहीत. पहिलं गाणं अजून शेवटच्या ओळीत असतानाच त्यांची बोटं दुसऱ्यावर असतात. "मंडपात आवाज बंद झाला की लोकांला घर आठवतंय," ते म्हणतात, "घर आठवलं की मन उठलं. मन उठलं की माणूस उठला." त्यामुळे इतक्या वर्षांत त्यांच्या मंडपात बसणाऱ्या लोकांना एक सवय लागली. अण्णांचा कर्णा गप्प झाला याचा अर्थ एकच: मंगलाष्टकं सुरू. मागे बसलेल्यांना मंचावरचं काही दिसत नाही, गुरुजींचा आवाज गर्दीत पोहोचत नाही. ते कानावर चालतात. कर्णा थांबला की हातात अक्षता घेऊन उठायचं, आणि वाजंत्री कडाडली की टाकायच्या. ही पद्धत कुणी ठरवली नाही, पण चारही बाजूंच्या गावांत ती चालते. पुढचं समजण्यासाठी हे लक्षात ठेवणं आवश्यक आहे.

त्या युरोपी संगीतकाराची रेकॉर्ड त्यांना हैदराबादच्या त्याच बाजारात मिळाली. एका जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या खोक्यात तळाशी ती पडलेली होती, वर वेष्टन नाही, मधलं लेबल पाण्याने धुऊन गेलेलं. विकणाऱ्याने ती प्लेअरबरोबर तशीच दिली. प्लेअर चालतो की नाही हे पाहण्यासाठी मामांनी दुकानात येऊन ती लावली आणि त्या दिवशी, आत्याच्या सांगण्यानुसार, ते जेवायला आले नाहीत. ती बोलवायला गेली तर हे स्टुलावर बसून भिंतीकडे पाहत होते. "काय झालं वो?" तर म्हणाले, "एकटी पेटी हाय, आन् समोर अख्खं गाव हाय. गाव वरडायलंय आन् ही एकटी उत्तर द्यायली."

पेटी म्हणजे पियानो. रचना होती कॉन्चेर्टो, म्हणजे एकीकडे एकटा पियानो, दुसरीकडे पूर्ण वाद्यवृंद, आणि दोघांमधला तीन भागांचा संवाद. हे शब्द मामांना तेव्हा माहीत नव्हते आणि नंतरही त्यांनी ते वापरले नाहीत. त्यांनी ती रचना स्वतःच्या धंद्याच्या भाषेत लावून घेतली. पहिला भाग म्हणजे सोयरीक ठरवायची बैठक: वाद्यवृंद ही मुलाकडची मंडळी, एकदम सगळी बोलणारी, पियानो हा मुलीचा बाप. दुसरा, संथ भाग म्हणजे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मुलगी आईजवळ बसते ते. पहिल्या भागाच्या शेवटाकडे एक जागा आहे. तिथे सगळा वाद्यवृंद थांबतो आणि पियानो बराच वेळ एकटाच वाजतो, हळूहळू इतका बारीक होत जातो की वाजतोय की नाही कळत नाही. मग एका क्षणी सगळी वाद्यं एकदम कोसळतात. ही मामांची सगळ्यात आवडती जागा. "इतकी माणसं हातातलं काम ठिवून एकाचं ऐकायलेत," ते मला म्हणाले होते. "दाखव बरं मला एक ग्रामसभा अशी."

तिसरा भाग त्यांनी ऐकलेलाच नव्हता. दुसऱ्या बाजूला, संथ भाग संपता संपता, रेकॉर्डवर खोल ओरखडा होता. सुई तिथे अडायची आणि तेच तीन स्वर पुन्हा पुन्हा वाजवत राहायची. ओरखड्याच्या पुढची तबकडी कधीतरी उन्हात वितळून लाटेसारखी वाकली होती. मामा हाताने सुई उचलायचे आणि जो कुणी समोर असेल त्याला सांगायचे की आता पुढे वरात आहे. कशावरून, असं विचारलं की ते चकित होत. "बैठक झाली, आईपाशी बसून झालं. आता वरात न्हाई तर काय? नाचल्याबिगर पाव्हणे उठतेत का?" दुकानात प्लग बदलायला आलेल्या माणसालाही त्यांनी हे सांगितलेलं आहे. स्वतः न ऐकलेल्या गोष्टीबद्दल इतक्या खात्रीने बोलणारी माणसं मी माझ्या लिहिण्याच्या धंद्यामुळे बरीच पाहिली. न ऐकलेल्या गोष्टीवर इतकी माया असलेला माणूस एवढा एकच.

आत्या त्या रेकॉर्डला सवत म्हणते. "बाई परवडली असती," ती म्हणते. "तिला चार शब्द तरी सुनावले असते. हिला काय म्हणू? हिची तर भाषाच कळंना."

पुढे मामांनी रेकॉर्डवरून जेवढं उतरवता येईल तेवढं एका पेनड्राइव्हवर घेतलं आणि मंडपांत ते लावण्याची संधी शोधू लागले. संधी अवघड नव्हती. आमच्याकडे नवरदेव आधी मारुतीच्या दर्शनाला जातो आणि तिथून वाजतगाजत मंडपात येतो. बँड त्याच्याबरोबर असतो, नाचणारे त्याच्याबरोबर असतात, आणि मुहूर्त कुठला का असेना, तो तासभर उशिराच पोहोचतो. तेवढा वेळ मंडपात मुलीकडचे लोक, म्हातारी माणसं आणि मामा. पण दरवेळी काहीतरी आडवं यायचं. कुणाचं तरी पोर हरवल्याची घोषणा, कुणाची तरी गाडी फाटकात, कुणीतरी येऊन म्हणायचं, "अण्णा, हे इंग्रजी काढा, लोक म्हणायलेत कुणी वारलंय का." मामा तसेच काढायचे. संपूर्ण पहिला भाग त्यांनी मंडपात कधीच वाजवला नव्हता.

त्या वैशाखात तो वाजला. मी पाहुणा म्हणून मागच्या रांगेत होतो. नवरीचा बाप शेतकरी, मुलीचं सगळं वेळेवर व्हावं म्हणून दोन दिवस न झोपलेला; नवरदेव उदगीरकडचा. 'निघालो' असा फोन आल्यावर बापाने घाईने मुलीला मंचावर उभी केली आणि अक्षता वाटून घेतल्या. गुरुजी मागच्या खोलीत चहा पीत होते. मामांनी पियानो लावला. बैठक सुरू झाली. लोक गप्पा मारत होते, वारा घेत होते. मग ती जागा आली. वाद्यवृंद थांबला. एकटा पियानो बारीक होत गेला आणि मागच्या रांगांत ऐकू येईनासा झाला. कर्णा गप्प झाला असं समजून आधी माझ्या पुढचा एक फेटेवाला म्हातारा उठला, मग त्याची रांग, मग सगळा मंडप. सगळे अक्षता मुठीत धरून, मान वाकडी करून उभे. मंचावर नवरीने इकडेतिकडे पाहिलं. मी मामांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. इतकी माणसं एकाचं ऐकत उभी होती. आणि मग वाद्यवृंद कोसळला.

अक्षतांचा वर्षाव झाला. "लागलं, लागलं," असं म्हणत वऱ्हाड जेवणघराकडे वळलं. बापाचं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नाही, कारण मामांच्या दृष्टीने ही आवाज कमी करण्याची जागा नव्हती. मुलीने मात्र, चुडा भरलेल्या हाताने तोंड झाकून, हसू आवरण्याचा प्रयत्न केला. ते मी पाहिलं. त्याच वेळी मी खिशातून फोन काढून कर्ण्याच्या दिशेने धरला होता. गाणं ऐकून नाव सांगणारी सोय फोनमध्ये असते. वाढप्याने माझ्या हातात पत्रावळ दिली तेव्हा पडद्यावर नाव आलेलं होतं.

लोकांना पंगतीतून उठवून परत आणलं गेलं. काहींचे हात भाताचे होते. दुसऱ्यांदा अक्षता कमी पडल्या, म्हणून स्वयंपाकघरातला कोरा तांदूळ वाटला, त्याला कुंकू लावायला वेळ नव्हता. नवरीचा बाप मामांसमोर येऊन उभा राहिला. "अण्णा," तो म्हणाला, "माझ्या पोरीच्या लग्नातच कामून? गावात दुसरी पोर नव्हती का?" मामांनी पेनड्राइव्ह काढून खिशात घातला आणि ॲम्प्लिफायरवर हात ठेवून सांगितलं की हे पुन्हा कुठल्याही मंडपात वाजणार नाही. त्या ॲम्प्लिफायरवर हात ठेवून घेतलेली शपथ ते मोडत नाहीत, हे सगळ्या बाजाराला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात जाऊन त्यांना सांगितलं की रचना सापडली. एकोणिसाव्या शतकातला युरोपी संगीतकार. आपल्या काळात वादक म्हणून गाजलेला, नंतर मागे पडलेला, उत्तरायुष्यात शिकवण्या करून राहिलेला. ही रचना आता क्वचितच वाजवली जाते. एक संपूर्ण ध्वनिमुद्रण मात्र उपलब्ध आहे, तिसऱ्या भागासकट. मी फोन पुढे केला. मामांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतले.

"त्या डबीत?" ते म्हणाले. "एवढी माणसं त्या डबीत बसिवतोस?"

"पेनड्राइव्हवर घेऊन देतो. तुमच्या कर्ण्यांवर लावा."

"नको."

"मामा, शेवट आहे त्यात. इतकी वर्षं तुम्ही..."

"त्याच्यासाठीच नको म्हणायलोय." त्यांनी फडक्याने प्लेअर पुसायला घेतला, तो स्वच्छ असताना. "मी सगळ्या तालुक्याला सांगून बसलोय की शेवटाला वरात हाय. आन् तिथं रडगाणं निघालं मंग? नवरा मुलगा पळून गेला, असलं काय निघालं मंग? मी खोटा पडलो तर पडू दे. पण ती पोरगी, जी त्या रेकॉर्डीत आईपाशी बसलीया, तिचं काय?"

मी पेनड्राइव्ह त्यांच्या गल्ल्यावर ठेवून आलो. संगीतकाराचं नाव या लेखात दिलेलं नाही, तेही त्यांच्याच सांगण्यावरून. "छापू नको," ते म्हणाले. "उद्या डीजेवाले लावतील."

वर्षभराहून अधिक काळ तो पेनड्राइव्ह तिथेच राहिला. मामांनी वरात हा शब्द रेकॉर्डच्या संदर्भात उच्चारणं बंद केलं. सुई अडली की ती उचलायचे आणि काही न बोलता प्लेअर बंद करायचे. आत्याला आधी बरं वाटलं, मग चिंता वाटू लागली. "बोलत तरी होते," ती मला फोनवर म्हणाली. "लाव म्हण की ते काय हाय ते. सवत आजारी पडल्यासारखं घर झालंय."

मग त्या लग्नातली मुलगी दुकानात आली. बाळंतपणाला माहेरी आलेली होती. काखेत तीन महिन्यांचं बाळ. बारसं राहून गेलं होतं. ते आता पाठवणीच्याच दिवशी, माहेरच्या अंगणात करायचं ठरलं होतं आणि तिला कर्णे हवे होते. मामांनी सांगितलं की तुझा बाप मला अंगणात पाय ठेवू देणार नाही.

"त्येंनीच पाठिवलंय," ती म्हणाली. "अण्णा, लग्नाच्या व्हिडिओत ते वाजलंय ना, मी एकटी उभी हाय आन् सगळे अक्षता टाकायलेत, तेवढंच मी परत परत बघते. सासरचे हसतेत. नवऱ्याला तर म्हणते, तू यायच्या आधीच माझं लग्न लागलंतं. ते पुढं कसं जातंय? व्हिडिओत बाबांनी बंद करायला लावलंय."

मामांनी गल्ल्यावरचा पेनड्राइव्ह हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "पुढचं मलाबी माहीत न्हाई, बाई."

"मंग लावा की. अंगण हाय, मंडप न्हाई. तुमची शपथ मंडपाची हाय."

बारशाच्या दिवशी मामा पहाटेच शिडीवर होते. चार कर्णे बांधले, एवढ्याशा अंगणाला दोन पुरले असते. मुलीचा बाप खाली शिडी धरून उभा होता. पाळणा म्हणून झाला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. दुपारी सासरची जीप दारात लागलेली असताना मामांनी माझा पेनड्राइव्ह लावला. मागच्या ओसरीवरून मुलीचा बाप मोठ्याने म्हणाला, "मधी कुणीबी उठायचं न्हाई. अक्षता वाटलेल्या न्हाईत." लोक हसले. त्यानंतर मात्र शांत बसले.

बैठक झाली. एकटा पियानो बारीक झाला, वाद्यवृंद कोसळला, कुणी उठलं नाही. संथ भाग आला. मुलगी बाळाला मांडीवर घेऊन आईशेजारी उंबऱ्यात बसली होती. त्या भागाच्या शेवटी ते तीन स्वर आले तेव्हा मामांचा हात सवयीने पुढे गेला, सुई उचलायला, जिथे सुई नव्हती. हात तसाच हवेत राहिला आणि संगीत पुढे गेलं.

पुढे नाच होता. उड्या मारणारा, पायाला ठेका देणारा, न लपवता येण्यासारखा नाच. अंगणातल्या पोरांनी कुणी न सांगता उठून फेर धरला. "वरात!" मुलगी तिथूनच ओरडली. "अण्णा, वरातच हाय वो!" आत्याने पदराने डोळे पुसले आणि ते कुणी पाहिलं का हे पाहिलं. मामा हलले नाहीत. ते अजून ऐकत होते. रचना संपायला आली, वेग वाढला, सगळी वाद्यं एकत्र आली, आणि अगदी शेवटाआधी नाच एकाएकी थांबला. पियानोने एकट्याने, हळू, संथ भागातले तेच तीन स्वर एकदा वाजवले. एकदाच. मग नाच पुन्हा सुरू झाला आणि रचना संपली.

"हे मी सांगितलं नव्हतं," मामा म्हणाले. मला नाही, ॲम्प्लिफायरला, पण मराठीत. "नवरी मागं वळून बघायली."

त्यानंतर त्यांनी दुसरं काही लावलं नाही. कर्णे गप्प होते, अंगणात लोक बसून होते, आणि त्यांची बोटं मांडीवर होती. मुलीच्या बापाने येऊन त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला.

जीप ऊन कलल्यावर निघाली. पुढच्या सीटवर मुलगी होती, मांडीवर झोपलेलं बाळ. गावाबाहेरच्या वळणावर तिने मागे पाहिलं की नाही, हे धुळीमुळे मला दिसलं नाही. मामा त्या वेळी कर्णे सोडवायला शिडीवर होते. ते म्हणतात, पाहिलं.